नानांनी ऑइल बदलायला घेतलं की

काशीनाना पाना घेऊन गाडीखाली शिरले की आमच्या गल्लीतल्या बायका पहिल्यांदा घरातल्या म्हाताऱ्याच्या नाकापुढे सूत धरून बघायच्या. श्वास चालू असला तर सुटकेचा निःश्वास टाकायच्या आणि शेजारच्या घराकडे बघायच्या. कारण नाना ऑइल बदलतायत म्हणजे गल्लीतलं कुणीतरी निघालं, हे ठरलेलं. यमाच्या रेड्याला निदान घंटा तरी असते. आमच्या यमाकडे चौदा नंबरचा पाना होता.

पंचवटीतली आमची गल्ली म्हणजे आजूबाजूच्या तालुक्यांतून पोटासाठी आलेल्या लोकांची. कुणी घोटीचा, कुणी नांदगावचा, नाना स्वतः पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. जगायला सगळ्यांना नाशिक चालायचं, पण मेल्यावर प्रत्येकाला आपापलं गाव हवं. उभा देश अस्थी घेऊन आमच्या रामकुंडावर येतो आणि आमची गल्ली मात्र उलट्या दिशेनं निघालेली! ही उलटी वाहतूक नानांच्या डिझेल पिकअपकडे होती. सकाळी त्याच गाडीतून ते मार्केट यार्डात भाजीच्या जुड्या न्यायचे. त्यामुळे गल्लीतला प्रत्येक माणूस कोथिंबिरीच्या वासात शेवटच्या प्रवासाला गेला. भाडं विचारलं तर नाना म्हणायचे, "त्याचं बोलू नको. चढ किती, थंडी किती, माणसं किती, ते सांग."

हे तीन प्रश्न झाल्याशिवाय ऑइल ठरायचं नाही आणि ऑइल ठरल्याशिवाय गाडी हलायची नाही. गणपत सुतार तीन दिवस बेशुद्ध पडून होता, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा पोरांनी नानांना सांगितलं, "घोटीला न्यायचंय." नानांनी गाडी तापवली, खाली शिरले, आणि ऑइलच्या टाकीचा नट पत्र्याच्या घमेल्यात पडला. टण्ण! त्या आवाजासरशी गणपत खाटेवर ताठ उठून बसला. म्हणाला, "चहा टाका. आणि त्या काश्याला सांगा, घोटीला मी एसटीनं जाईन." त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. मी स्वतः बघितलंय, म्हणजे चहा पिताना बघितलंय. बाकीचं सगळी गल्ली सांगते.

ऑइल घ्यायला नाना मला बरोबर न्यायचे. मी शाळेत कारकून, पण शाळेतला म्हणून त्यांच्या लेखी मास्तर. द्वारका चौकाजवळच्या दुकानात लालाशेठ त्यांना बघितलं की कपाळाला हात लावायचा. मुलगी बघायला जावं तसे नाना डबा बघायचे. वास घ्यायचे. थेंबभर अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळायचे आणि डोळे मिटायचे.

"नाना, घ्या ना कुठलंबी. जाड घ्या, इंजिन टिकतं," लालाशेठ एकदा चुकून बोलला.

झालं! दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना नानांनी त्याला अर्धा तास सोलला. "जाड? जाड तू आहेस, टिकलास का? दोन जिने चढलास की धापा टाकतोस. अरे, डब्यावर पंधरा-चाळीस लिहिलंय त्यातला पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरमीचा. पहाटे गाडी चालू केली की पहिल्या दहा सेकंदांत ऑइल वर पोचलं पाहिजे. जाड ऑइल आळसावून खाली बसतं आणि वर इंजिन कोरडं घासतं. तुझं दुकान असंच घासत चाललंय."

एका पिकअपवाल्यानं तक्रार केली, की नवं ऑइल आठवड्यात काळंकुट्ट झालं, माल खोटा आहे. नाना त्याच्याकडे वळले. "डिझेलचं ऑइल काळं होणारच. काजळी पोटात घेतं ते, इंजिनाला लागू देत नाही. महिना झाला तरी गोरंपान राहिलं, तर समज कामचुकार आहे." आणि वर, "माणसाचंही तसंच."

माणसांनाही ते ग्रेड लावायचे. आमचे हेडमास्तर म्हणजे 'नुसतं चाळीस, थंडीत उठत नाही'. मी 'पेट्रोलचं ऑइल, आवाज कमी, पण ओझं दिलं की गेलं'. आणि घरात सिंधूवहिनी होत्या. त्यांची ग्रेड नानांनी कधी सांगितली नाही. वहिनी मात्र सांगायच्या, "मला काय ग्रेड? मी फडकं." खरंच होतं ते. ऑइलची पातळी बघायची दांडी पुसायला नानांना फक्त वहिनींच्या जुन्या सुती साडीचा तुकडा चालायचा. "साडी फाटायची वाट बघत नाहीत हो भाऊजी, जुनी दिसली की फाडतात," असं त्या हसत सांगायच्या. नामपूरच्या माहेरच्या सगळ्या साड्या अशा एकेक करून इंजिनाच्या दांडीला लागल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं आणि दारात गाडी.

नानांचा दुसरा हट्ट असा, की मयत गाडीत ठेवलं की गाडी थांबणार नाही. चहाला नाही, लघवीला नाही, वाटेत कुणी देव लागला तर हात जोडायलाही नाही. "मसणवाटेच्या रस्त्यावर विसावा एकच असतो. तो गावचे लोक देतील. आपण द्यायचा नाही." नांदगावला एक मयत नेताना रेल्वेचं फाटक बंद लागलं. दुसऱ्या कुणी ब्रेक मारला असता. नानांनी गाडी बाजूच्या मोकळ्या माळावर उतरवली आणि मालगाडी जाईपर्यंत गोल गोल फिरवली. मागे मयताला धरून बसलेली माणसं बोंबलत होती. मी मोजलं, अकरा फेऱ्या झाल्या. लग्नात सुद्धा सातच असतात.

हा हट्ट कुठून आला, ते नानांनी मला एकदाच सांगितलं, तेही गाडी धुताना, पाठ करून.

नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार. गाडी नवी होती. आई नाशकात सरकारी दवाखान्यात वारली. तिला पाड्यावर न्यायचं होतं. ऑइल कमी दिसलं, म्हणून नानांनी एका ओळखीच्याकडचं विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं उरलेलं ऑइल ओतलं. 'इंजिन ते इंजिन, आणि जाड तेवढं चांगलं!' पौषातली थंडी. सावळघाटाच्या मधोमध इंजिन आवळलं, ते हललंच नाही. दुसरी गाडी मिळेना. आईला खाली उतरवून मैलाच्या दगडाशी ठेवलं. येणारे-जाणारे ट्रकवाले तिच्या अंगावर नाणी टाकून हात जोडून जात होते. पाड्यावर लाकडं रचून लोक बसले होते. शेवटी बांबू तोडून खांद्यावर नेली, पण तोवर दिवस गेला होता.

"आईला रस्त्यावर ठेवलं मी, मास्तर," नाना म्हणाले आणि बादलीतलं पाणी चाकावर फेकलं. "भिकाऱ्यागत."

त्यानंतर बारा-तेरा वर्षांत नानांची गाडी एकदाही कुठे थांबली नाही.

आणि मग सिंधूवहिनी आजारी पडल्या. पोटात गाठ होती. दवाखान्यात दोन महिने काढून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता घरीच ठेवा. वहिनींची खाट खिडकीशी लावली. खिडकीबाहेर गाडी उभी.

गल्लीचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी दारादारांतून डोकी बाहेर. नाना गाडीखाली शिरले का? नाही. नाना नुसते बॉनेट उघडायचे, दांडी काढायचे, फडक्यानं पुसायचे, परत बुडवून बघायचे आणि बॉनेट लावून टाकायचे. आठवडा गेला, दोन गेले. ऑइल डांबरासारखं झालं होतं. दुसऱ्याच्या गाडीत असं दिसलं असतं तर नानांनी त्या माणसाला गल्लीत राहू दिलं नसतं. पण ते गाडीखाली शिरले नाहीत. गणपत सुताराची सून म्हणाली, "नाना शिरले नाहीत म्हणजे वहिनी वाचणार!" आणि सगळ्या गल्लीनं ते खरं मानलं. असल्या बाबतीत आम्ही सगळे शहाणे.

वहिनींनी मात्र नाही मानलं. एक दिवस त्यांनी मला खिडकीतून हाक मारली. आवाज अगदी खोल गेला होता.

"भाऊजी, यांना सांगा, ऑइल बदला म्हणावं."

"वहिनी, काहीतरीच काय बोलता?"

"काहीतरी नाही. मला नामपूरला जायचंय. मोसमच्या काठाला. इथे तुमच्या गोदावरीवर जगाची गर्दी, माझा नंबर कधी लागायचा?" हसायला गेल्या आणि खोकल्या. "सासूबाईंसारखी मला घाटात ठेवाल का, विचारा त्यांना. सगळ्या मयतांना नवं ऑइल आणि घरच्या बाईला जुनं?"

नाना दारातच उभे होते. म्हणाले, "अजून हजार किलोमीटर चालेल ते."

"काळं शे ना?" वहिनी माहेरच्या बोलीत म्हणाल्या. नानांशी त्या तसं कधी बोलत नसत.

"काळं असू दे. काळं म्हणजे वाईट नसतं."

दुसऱ्या दिवशी मीच लालाशेठकडे गेलो. त्यानं वहिनींचं नाव ऐकलं आणि पंधरा-चाळीसचा डबा काढून दिला. "घाट भावडबारीचा आहे, थंडी आहे. हेच लागंल," एवढंच बोलला. मी डबा नानांच्या हातात दिला. त्यांनी तो वास न घेता, न चोळता गाडीत बसायच्या सीटखाली सरकवला. चौदा नंबरचा पाना त्या दिवसांत मला कुठे दिसलाच नाही. पुढे कधीतरी तो त्यांच्या घरात तांदळाच्या डब्यात सापडला.

वहिनी पौषातल्याच एका सकाळी गेल्या, उन्हं खिडकीत आल्यावर. भाऊ आदल्या दिवशीच नामपूरहून आला होता. त्यानं आणलेली माहेरची कोरी साडी नेसवली. गाडीत त्यांच्या अंगाखाली नानांनी स्वतः गादी घातली, चारही कोपरे दाबून बघितले. मी नेहमीसारखा पुढे बसलो. पायाखाली तो डबा. सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

जुनं ऑइल, कडाक्याची थंडी, शंभरेक किलोमीटर, पुढे भावडबारी. सावळघाट मला आठवत होता, तर नानांना आठवत नसेल?

पिंपळगावच्या पुढे नानांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

मी दचकलो. "काय झालं, नाना?"

"गरम झालंय."

ते उतरले, बॉनेट उघडलं, दांडी काढली, खिशातल्या फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. मग इंजिनाकडे बघत उभे राहिले. पाच-सात मिनिटांनी आत येऊन बसले. सोग्रस फाट्याला परत थांबले. "गरम झालंय." भावडबारीच्या पायथ्याला परत. गाडी वीस-पंचवीसच्या वर गेलीच नव्हती. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. माझ्या डोळ्यांसमोर मैलाचा दगड नाचत होता. मी गुपचूप समोरच्या काट्याकडे बघितलं. गरमीचा काटा तळाशी झोपला होता. इंजिन थंडगार होतं. घाटसुद्धा त्यानं कुरकुर न करता चढला.

देवळ्याला थांबलो, सटाण्याच्या अलीकडे थांबलो, पलीकडे थांबलो. तेरा वर्षांत न दिलेले सगळे विसावे नानांनी त्या एका रस्त्यावर दिले. मागची माणसं कुजबुजायला लागली. नामपूर समोर दिसायला लागलं, मोसमच्या काठाची झाडं दिसली, तेव्हा गाडी पुन्हा थांबली. वहिनींचा भाऊ उतरून पुढे आला.

"दाजी, आते काय व्हयनं? गाव वाट देखी ऱ्हायनं."

नाना बॉनेटपाशी उभे होते. दांडी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"बघ रे मास्तर. काळंय का?"

"काळंच आहे, नाना."

"हं." त्यांनी ती फडक्यानं पुसली. फडक्यावर फिकट जांभळी फुलं होती. वहिनींची ती साडी मी पाहिलेली होती. पुसून झाल्यावरही नाना पुसतच राहिले. "सगळी काजळी हिनं घेतली. मला काही लागू दिलं नाही."

भाऊ माझ्याकडे बघत होता. उन्हं कलायला लागली होती. गावात लाकडं रचून लोक खोळंबले होते, हे मला कळत होतं. पुढचा रस्ता सरळ, सपाट, दहा मिनिटांचा होता.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. वर गणपत सुताराची मारली, मालगाडीच्या फेऱ्याही चार-पाच वाढवल्या असतील. पण सगळ्या हसत मारल्या. ही तेवढी तोंड वळवून मारली.

"इंजिन फार गरम झालंय हो," मी भावाला म्हणालो. "थोडं थांबावंच लागेल."