डोळे आले, डोळे गेले

कर कचेरीच्या माणसानं 'मनकर्णा फोटो स्टुडिओ'च्या दारावर नोटीस चिकटवली, तेव्हा मालक चंपतराव भोयर यांना ती वाचता आली नाही. त्यांचे डोळे आले होते. तसे एकाहत्तर साली साऱ्या नागपूरचेच डोळे आले होते. महालापासून सक्करदऱ्यापर्यंत जो तो काळा चष्मा लावून फिरत होता आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी नोटीस चंपतरावांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, वाचून दाखवली.

"कराची बाकी भरली नाई तं कॅमेरा जप्त करून नेतीन म्हनते."

"कोनता कॅमेरा?"

"जसे काई दहा ठेवले हायेत घरात! म्हशी नेतीन तुमच्या, म्हशी!"

चंपतराव मटकन खालीच बसले. त्यांच्या आईनं, म्हणजे मनकर्णाबाईनं, कुही गावच्या घरच्या दोन दुभत्या म्हशी विकून लेकाला तो मोठा लाकडी कॅमेरा घेऊन दिला होता. म्हातारी शेवटपर्यंत कॅमेऱ्याला म्हशीच म्हणायची. "म्हशी बऱ्या हायेत ना गा?" हा तिचा पहिला प्रश्न, लेकाची चौकशी त्यानंतर. त्या म्हशींच्या जिवावर चंपतरावांनी तीस वर्षं संसार केला. पण सुजलेल्या डोळ्यांनी फोटो काढून घ्यायला कोण येणार, आणि आलंच तर सुजलेल्या डोळ्यांनी काढणार कोण? सबंध श्रावण स्टुडिओ बंद होता.

इतक्यात सरकारला दया आली. साथीत डोळे येऊन ज्या लहान दुकानदारांची दुकानं बंद पडली, त्यांची त्या वर्षाची बाकी माफ होणार, असं जाहीर झालं. चंपतरावांनी डोळे बरे झाल्याबरोबर अर्ज भरला, तोही मुदतीच्या शेवटच्या दिवशी. पुराव्याच्या रकान्यात डॉक्टरचा दाखला हवा होता, नाहीतर 'अधिकाऱ्याने समक्ष पाहिल्याची नोंद'. दाखला नव्हता, कारण डॉक्टर कौसल्याबाईच होत्या आणि औषध गुलाबपाणी. म्हणून तो रकाना त्यांनी कोरा सोडला. उरला रोगाचा रकाना. चंपतराव माणूस सरळ. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'डोळे आले नागपंचमीला. डोळे गेले पोळ्याला.'

त्यांच्या मते यात चूक काहीच नव्हती. साथ येते तशी जाते. ताप आला, ताप गेला. डोळे आले, डोळे गेले.

पण अर्ज गेला मधुसूदन देशकर या कारकुनाच्या टेबलावर. देशकरांचे स्वतःचेच डोळे आलेले. काळ्या चष्म्यातून, अर्ध्या पापणीनं त्यांनी ते वाक्य वाचलं आणि मुळातच पाणावलेल्या डोळ्यांना धार लागली. फोटोग्राफर माणूस, आणि ऐन पोळ्याच्या दिवशी डोळे गेले! देशकर मनानं फार मऊ. त्यांनी तो अर्ज गठ्ठ्यातून वेगळा काढला, त्यावर 'कायमचे अंधत्व, विशेष बाब' असा शेरा मारला आणि हळवं टिपण जोडून मोठ्या साहेबांकडे पाठवला. साहेबांचेही डोळे आलेले होते. त्यांनी न वाचता सही केली आणि वर मुंबईला कळवलंसुद्धा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं तर दळणारे सगळेच तसे, खाणारा मात्र कोणी नव्हता.

आठवड्याभरात कचेरीचा शिपाई पत्र घेऊन आला. दारात उभं राहून त्यानं ते खणखणीत आवाजात वाचलं. त्याच्या समजुतीनं घरमालकाला वाचता येणार नव्हतं.

"आपले डोळे गेल्याबद्दल कचेरीस खेद आहे. सर्व बाकी माफ, जप्ती रद्द. शनिवारी साहेबांच्या हस्ते माफीपत्र दिले जाईल. सोबत कोणाचा तरी हात धरून यावे."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. शिपायानं चंपतरावांचा हात हळूच धरून पत्रावर ठेवला आणि रुमालानं नाक पुसत तो निघून गेला.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ही म्हण चंपतरावांनी ऐकली होती. सरकारनं त्यांना माफी पुरी दिली होती, पण दोन्ही डोळे काढून घेऊन. पत्राखाली देशकरांचं नाव होतं. ते तसेच सायकलवर टांग मारून कचेरीत त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"देशकर साहेब, मी चंपतराव भोयर. माहे डोळे शाबूत हायेत जी!"

देशकर ताडकन उभे राहिले. "तुम्ही... इथपर्यंत आले कसे?"

"सायकलनं."

"अरे बाप्पा! हळू बोला." देशकरांनी इकडं तिकडं बघितलं. "मग 'डोळे गेले' काहून लिहिलं?"

"गेलेच ना जी! आलते, मंग गेले."

देशकरांच्या डोक्यात उजेड पडला, आणि चेहरा मात्र काळवंडला. त्यांनी चंपतरावांना कोपऱ्यात नेलं.

"बघा चंपतराव, आता हा अर्ज रद्द करायचा तर नवा द्यावा लागेल. त्याची मुदत संपून राहिली... संपून गेली! म्हणजे माफी जाईल, जप्ती येईल. अन् साहेब मुंबईला कळवून बसले. तिथून विचारतील, देशकर, तुम्ही धडधाकट माणसाला आंधळं केलं कसं? मी काय सांगू?"

"मंग मी काय करू?"

"शनिवारपर्यंत आंधळे राहा न! तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मले खोटं जमत नाई जी."

"तुम्हाला कुठं बोलायचं आहे? फक्त बघायचं नाही."

चंपतरावांच्या डोळ्यांपुढं म्हशी उभ्या राहिल्या. कचेरीच्या गोदामात, धुळीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. त्यांनी मान हलवली.

"अन् हो," देशकर मागून कुजबुजले, "सायकल जाताना हातात धरून न्या."

कौसल्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्सं तुमी मले फोटोत डोळे उघडे ठेव म्हनून वरडले. आता मी तुमाले डोळे मीट म्हनून सांगू का?" पण नवऱ्याचा चेहरा पाहिल्यावर त्यांनी काळा चष्मा स्वतःच पदरानं पुसून त्याच्या नाकावर चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं भेटायला येऊ लागली. चंपतराव पडद्यापुढच्या खुर्चीवर, जिथं आजवर गिऱ्हाईक बसायचं तिथं, ताठ बसले होते. शेजारच्या यमुताई म्हणाल्या, "आवाज कसा खोल गेला हो यांचा!" आवाज खोल गेला नव्हता. यमुताई त्यांच्या पायावर उभ्या होत्या आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं.

दुपारी भैयाजी आला. पलीकडच्या चौकात त्याचा स्टुडिओ. धंद्यात दोघांची चढाओढ असली तरी माणूस जुना दोस्त होता. त्याचेही डोळे आलेले. चंपतरावांचा हात हातात घेऊन तो मनापासून रडला.

"चंपतराव, तुह्यासारखा फोटो कोनी काढला नाई गा नागपुरात. आपून कदी तुले म्हनलं नाई, आज म्हनून राहिलो."

चंपतरावांनाही गहिवरून आलं. एवढं चांगलं बोलणं ऐकायला माणसाला आंधळं व्हावं लागतं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कौसल्याबाई चहा ठेवायला आत गेल्या. भैयाजीनं डोळे पुसले, उठला, आवाज न करता चंपतरावांचा सागवानी तिपाई स्टँड उचलला आणि काखेत मारला.

"येतो बरं चंपतराव. काळजी घेजो," असं म्हणत तो धन्याच्या डोळ्यांदेखत निघून गेला. चंपतराव खुर्चीचे हात गच्च धरून बसून राहिले. त्यांच्या गालावरून जे पाणी ओघळलं ते पाहून चहा घेऊन आलेल्या कौसल्याबाई म्हणाल्या, "पुरे करा आता. कोनी नाई हाय इथं."

"स्टँड नेला वं त्यानं!"

"मंग थांबवलं काहून नाई?"

"कसा थांबवू? मले दिसत कुठं हाय!"

शनिवारी कचेरीच्या आवारात मांडव घातला होता. माफीपत्र घ्यायला पाच-पन्नास दुकानदार आले होते. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. मंचावर साहेब, तेही चष्म्यात. देशकर तर चष्म्यावरून रुमालसुद्धा बांधतील की काय अशा अवस्थेत. त्या गर्दीत आंधळा कोण आणि डोळस कोण, हे कोणाच्या बापाला कळलं नसतं.

कौसल्याबाईंनी हात धरून चंपतरावांना मंचावर चढवलं. पायरी आली की त्या चिमटा काढत. साहेब भारावून बोलले, "ज्यांनी आयुष्यभर इतरांना उजेडात आणलं, ते आज स्वतः अंधारात आहेत..." मांडवात हुंदके ऐकू आले. पहिला हुंदका यमुताईंचा होता.

"हा फोटो मुंबईला पाठवायचा आहे," साहेब म्हणाले. "नीट काढा."

फोटोग्राफर पुढं आला. चंपतरावांनी चष्म्याआडून पाहिलं. भैयाजी! हातात नवा छोटा कॅमेरा, आणि तो ठेवला होता चंपतरावांच्याच सागवानी स्टँडवर. हेही त्यांनी गिळलं. माफीपत्र साहेबांच्या हातात होतं, त्याचं दुसरं टोक चंपतरावांच्या हातात होतं. आता फक्त एक खटका दाबला जायचा होता, आणि म्हशी जन्मभर घरच्या.

पण भैयाजीच्या सुजलेल्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली नव्हती. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. खिडकीतून सगळं छान दिसत होतं, आणि भिंगावर मात्र काळं टोपण तसंच होतं.

चंपतरावांनी ओठ आवळले. आपल्याला काय त्याचं! जाऊ दे फोटो कोरा. भैयाजीनं "रेडी" म्हटलं. चंपतरावांच्या कानशिलावरची शीर उडू लागली. तीस वर्षांत त्यांच्यासमोर कोणी टोपण लावून फोटो काढला नव्हता. भैयाजीचं बोट खटक्यावर गेलं.

"टोपन काढ बे भैयाजी!" चंपतराव गरजले. "आन् तो स्टँड माहा हाय!"

देशकर जागेवरच बसले. तिथं खुर्ची नव्हती.

साहेबांनी सावकाश चष्मा काढला. लालबुंद डोळ्यांनी ते चंपतरावांकडं बघत राहिले.

"तुम्हाला दिसतं?"

"दिसते साहेब. पयलेपासूनच दिसते." चंपतरावांनीही चष्मा काढला. "डोळे आलते, ते गेले, म्हंजे रोग गेला. मी खरंच लिवलं होतं जी. मंग लोक रडाले लागले, आन् मले सांगाची हिंमत झाली नाई. माह्या आईनं घेऊन देल्ल्या म्हशी तुमी नेसान, याचंच भ्याव होतं."

"म्हशी? कोणत्या म्हशी?"

"कॅमेरा जी. घेऊन जा आता. फक्त टोपन लावून ठेवजा. भिंगाले धूळ लागते."

साहेबांनी माफीपत्राचं आपल्याकडचं टोक सोडलं नाही, पण ओढलंही नाही. त्यांनी देशकरांना उठवून अर्ज मागवला. पहिल्यांदाच तो वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"देशकर, हा पुराव्याचा रकाना कोरा आहे."

"हो साहेब."

"लिहा. अर्जदाराचे डोळे गेले होते. ते आज रोजी, भर मांडवात, माझ्यासमक्ष आले."

देशकरांनी उचललेलं पेन पुन्हा खाली ठेवलं. "पण साहेब, डोळे आल्याचे अर्ज घ्यायची मुदत संपली."

"अर्ज मुदतीतच आहे," साहेब म्हणाले. "डोळे तेवढे उशिरा आले." आणि त्यांनी माफीपत्राचं आपल्याकडचं टोक सोडून दिलं.

मांडवात अशा टाळ्या पडल्या की सक्करदऱ्यापर्यंत ऐकू गेल्या असतील. भैयाजीनं खाली मान घालून स्टँड उचलला आणि चंपतरावांपुढं आणून ठेवला.

"आपून तं म्हनलं, तुले काय कामाचा आता..."

"जाऊ दे गा. पन तू जे बोलला होता माह्या फोटोबद्दल, ते वापस घेऊ नको."

मग चंपतरावांनी त्याच्याच हातातून कॅमेरा घेतला, टोपण काढून खिशात टाकलं, सगळ्यांना जवळ जवळ उभं केलं, काळा चष्मा चढवलेल्या कौसल्याबाईंनाही सवयीनं "डोळे उघडे ठेव वं" म्हणून ओरडले आणि फोटो काढला. झकास आला. साहेब, देशकर, यमुताई, भैयाजी, सगळे काळे चष्मे लावून ओळीनं उभे.

फोटो मुंबईला गेला. महिन्याभरानं तिथून विचारणा आली: 'सोबतच्या छायाचित्रात सर्वांनीच काळे चष्मे घातलेले दिसतात. तरी यांपैकी अंध फोटोग्राफर कोणते, ते खूण करून कळवावे.'

देशकरांनी पुष्कळ विचार केला. एकदा हात पोळले होते. यावेळी त्यांनी जे खरं तेच, सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं: 'सदर इसम छायाचित्रात नाहीत. छायाचित्र त्यांनीच काढले आहे.'

मुंबईहून पुन्हा काही विचारणा आली नाही.