उडत्या कमानीची आणि विझविल्या निरांजनांची हकीकत

श्री वायुनंदन सहाय. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीयेस पेठेत जे वर्तले ते जैसे घडले तैसे लिहितो; कोणास झोंबल्यास त्याणे पाणी प्यावे.

राज्यात नवा बाजार उभा राहिला आणि खासा बाईसाहेब सरकारांची स्वारी तो उघडावयास येणार ऐसे ठरले, मग पेठेचे कारभारी अंताजीपंत यांणी कमानवाला बहिर्जी यास बोलावून आज्ञा केली जे, "बाजाराचे तोंडाशी फुग्यांची कमान पाहिजे. आणि उडती पाहिजे! शेजारच्या पेठेची भुईस बसली होती, म्हशीसारखी." बहिर्जी बोलिला, "पंत, उडती करायची तर पेट घेणारा गॅस भरावा लागतो. साधी हवा भरू, बुडाशी वाळूची पोती ठेवू, झकास उभी राहील." पंत म्हणाले, "तू कमानवाला की किराणावाला? पोती कसली दाखवतोस?" यावर भोवतालचे होयबा खदखदा हसले आणि बहिर्जीने मान हलविली. मान हलविणे हा या राज्याचा जुना रोग. पटकीस औषध निघाले, यास निघाले नाही.

मग गॅस भरोन कमान सिद्ध जाहली, आणि वेगळे खांब रोवावयास पंतांनी जागा न दिल्याने तिचे पाय विजेच्या खांबांस बांधिले, आणि वर हातभर अंतरावर तारा, आणि खाली माणसास माणूस चिकटलेले, आणि वैशाखाचे उन्हाने फुगे तापोन टरारले. इतक्यात शिंग वाजले, आणि सुवासिनी पेटती निरांजने घेवोन कमानीखाली ओळीने येवोन उभ्या राहिल्या, आणि ओळीत पहिली बहिर्जीची लेक सगुणा! मानाची जागा म्हणोन पंतांनी तीस ऐनवेळी उभी केली होती. बहिर्जीने दोरी कापावी तर कमान तारांत जाते.

"पंत, बायांना मागं घ्या!"

"मुहूर्त टळेल. गप राहा."

"मग दिवे तरी शांत करा!"

"स्वारीपुढे दिवे विझवतात? जीभ झडेल तुझी!"

मग बहिर्जीने सरकारांचे पायांवर घालावयास भरली घागर उचलिली आणि लेकीचे ताटात उपडी केली. "आबा! काय केलंत हे?" "कमानीत गॅस आहे, पोरी! साऱ्या विझव!" सगुणा ओला पदर घेवोन शेजारणींची निरांजने दाबीत सुटली. एक थोरली बाई ओरडली, "अगं, अपशकुन!" तीस सगुणा म्हणाली, "मावशी, भाजल्यावर शकुन घेऊन काय करू?"

इतक्यात स्वारी दूर चौकात थांबली आणि पंत लाल होवोन तेथे धावले आणि अर्ज केला जे, "हुजूर, या गाढवाने दिवे विझवले! फुगा तो फुगा, त्यास काय भ्यायचे?" ऐसे म्हणोन कमानीचा एक फुगा सोबत आणिला होता तो स्वारीपुढील मानाचे मशालीस स्वहस्ते लाविला. आणि भडका जाहला, आणि धूर निवळला तो पंत धड होते, डावी मिशी मात्र नव्हती. बाईसाहेब बोलिल्या, "पंत, तुम्हांस उडती हवी होती ना? मिशी उडाली, तेवढ्यावर भागवा." मग जो हशा उठला त्यात निम्मे लोक रडतही होते, कारण आपण कशाखाली उभे होतो हे तेव्हा कळले.

मग गर्दी मागे हटविली, मशाली दूर नेल्या, तारांतील वीज बंद केली, कमान मोकळ्या माळावर नेवोन रिकामी केली, आणि पंपाने साधी हवा भरोन नवी उभारिली: तारांपासून लांब, वाळूचे पोत्यांवर, दोन पालख्या शेजारोशेजार जातील इतकी रुंद. तोवर बाईसाहेब एका दुकानाचे ओसरीवर बसोन पन्हे प्याल्या आणि मुहूर्ताचे कोणी नाव काढिले नाही. पंत आपण होवोन पोती उचलीत होते.

मग सगुणा ताट पुसोन उभी राहिली. "आबा, आता लावू?"

बहिर्जी आधी स्वतः कमानीखाली जावोन उभा राहिला, वर पाहिले, खाली पाहिले, आणि बोलिला, "लाव."

सारांश, त्या दिवशी पेठेत अर्धी मिशी जळाली आणि बाकी सारी माणसे आपापले घरी जेवावयास पोचली. याहून मोठा विजय या राज्यात आम्ही पाहिला नाही. इति.