शहाणा उजवीकडे का वळला

“एक गुण,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मी पहिला नंबर मागत नाही, ढाल मागत नाही. शनिवारी तुमच्या त्या यंत्राने एक गुण मिळवून दाखवावा, खोली तुमची. नाहीतर सोमवारपासून तिथे बैठकीची खोली. खुर्च्या आलेल्या आहेत.”

खुर्च्या खरंच आल्या होत्या. काळ्या, गुबगुबीत, चाकांच्या चौदा खुर्च्या ऑफिसबाहेरच्या बोळात प्लॅस्टिक पांघरून उभ्या होत्या. सुतारकामाचे मास्तर तिथून जाताना मान खाली घालत. त्यांना वाटे, या सगळ्याजणी आपल्या मरणाची वाट बघत बसल्या आहेत.

मास्तरांची सगळी नोकरी जिन्याखाली गेली होती. अठ्ठावीस वर्षं सुतारकामाचा वर्ग तिथेच भरत असे. वरून मुलं धावली की खाली रंध्यावर धूळ पडे. मग मागच्या वर्षी सुतारकाम बंद झालं आणि ‘यंत्रमानव मंडळ’ नावाचं नवं लचांड कुणाच्या तरी गळ्यात मारायचं ठरलं. विज्ञानाच्या बाईंनी आपले गुडघे पुढे केले. संगणकाच्या सरांनी मेहुणीचं लग्न पुढे केलं, जे तेव्हा जमलंसुद्धा नव्हतं. उरले मास्तर. “तुमच्या हातात पाना शोभतो हो,” असं म्हणून सगळ्यांनी त्यांना घोड्यावर बसवलं.

पण लचांडाबरोबर खोली आली होती. तळमजल्याच्या टोकाची, जुन्या प्रयोगशाळेतली भांडी पूर्वी जिथे विसळत ती. खोलीला खिडकी होती, खिडकीतून दुपारपर्यंत ऊन येत होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस उन्हाच्या एका पट्ट्याला किती जीव लावू शकतो हे मोठ्या बाईंना कळणं शक्य नव्हतं. मास्तर त्या खोलीच्या प्रेमात पडले होते, आणि या वयात असं काही झालं की माणूस कुठे बोलतही नाही.

मंडळात मुलं तीन. एक नववीतली मुलगी, जी पहिल्याच दिवशी “सगळ्यांनी माझं ऐकायचं” म्हणाली आणि कप्तान झाली. दुसरा मुलगा वायरमन, कारण त्याच्या दहापैकी चार बोटांना कायम पट्ट्या असत. तिसऱ्याचं नाव शंका. तो जन्माला आल्यावर रडायच्या आधी “का?” म्हणाला असणार, असं मास्तरांचं ठाम मत होतं.

या तिघांनी मिळून बुटाच्या खोक्याएवढा यंत्रमानव बनवला. चार चाकं, दोन हात, डोक्यावर मास्तरांच्या बायकोने शिवलेला शाळेचा झेंडा. नाव ठेवलं शहाणा. त्याला करायचं होतं एवढंच, की ठोकळा उचलायचा, दहा फूट सरळ जायचं आणि समोरच्या चौकोनात ठेवायचा. ठोकळा चौकोनात पडला की पाच गुण.

सुरुवातीला शहाणा दर वेळी डावीकडे जाई आणि कोपऱ्यात तोंड घालून उभा राही. कप्तानने हट्टाने तीन आठवडे त्याच्या डाव्या चाकांचा वेग जरा जरा वाढवला. शेवटी तो दोरी ताणल्यासारखा सरळ जाऊ लागला. त्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना गोळ्या वाटल्या.

“सर, माझं पेनपण डावीकडेच घरंगळतं,” शंका गोळी चघळत म्हणाला. “असं का?”

“पेनचं नंतर बघू,” मास्तर म्हणाले. “तू स्क्रू घट्ट कर.”

शनिवारी बायकोने शहाण्याला फुलाफुलांच्या टॉवेलात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिलं. “अहो, सांभाळून न्या. आणि हरलात तर घरी येऊन जेवा तरी. मागच्या आठवड्यापासून तुम्ही ताटात नुसती बोटं फिरवताय.”

स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरताच मास्तरांनी टॉवेल छातीशी आवळला. चोवीस संघ होते. बाकीच्यांचे यंत्रमानव आत स्पंज लावलेल्या पेट्यांतून आले होते आणि मुलांनी एकसारखे सदरे घातले होते. एका संघाकडे तर घाम पुसायला वेगळा मुलगा होता. मास्तरांनी टॉवेल उलगडला तेव्हा शेजारच्या संघाच्या सरांनी विचारलं, “आंघोळ घालून आणलंय का?”

फेऱ्या तीन होत्या. पहिल्या फेरीत पंचांनी शिट्टी मारली, शहाण्याने ठोकळा झकास उचलला आणि तो निघाला. दोन फूट सरळ गेला. मग काहीतरी आठवल्यासारखा उजवीकडे वळू लागला.

“अरे, अरे, अरे!” कप्तान ओरडली.

शहाणा शांतपणे पांढरी रेघ ओलांडून शेजाऱ्यांच्या पट्ट्यात शिरला. त्यांनी सात ठोकळ्यांचा मनोरा रचत आणला होता. शहाण्याने तो पाडला आणि त्याच्यावर आपला आठवा ठोकळा ठेवला.

“दुसऱ्याच्या हद्दीत नुकसान,” पंच म्हणाले. “उणे दहा.”

“उणे?” मास्तरांचा आवाज फाटला. “म्हणजे शून्याच्याही खाली?”

“दहाने खाली,” पंच म्हणाले. माणूस नेमका होता.

कप्तानच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, शाळेत सरळ जात होता हो! शंभर वेळा गेला सरळ!” वायरमनने चाकं, तारा, स्क्रू, सगळं तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. शंका मात्र फरशीवर उकिडवा बसून पेन सोडत होता आणि परत उचलत होता.

“सर,” तो म्हणाला, “इथे पेन घरंगळतच नाही. का?”

मास्तर त्याला गप्प करणार होते, पण आधी त्यांनी त्या पेनाकडे पाहिलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि पाणसळ काढली. बुडबुड्याची नळी असलेली ही वीतभर पट्टी त्यांच्या पिशवीत अठ्ठावीस वर्षं होती. त्यांनी ती हॉलच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा ठीक मध्यभागी येऊन थांबला.

मग त्यांना आपली खोली आठवली. डावीकडचा कोपरा आणि त्यातला सिमेंटचा गोल ठिपका आठवला. भांडी विसळायची खोली! पाणी वाहून जायला तिथे मोरी होती. म्हणजे सगळी जमीन मोरीकडे उतरती! शहाणा कधी डावीकडे वळतच नव्हता, तो बिचारा उतारावरून घसरत होता. आणि त्याला सरळ करता करता त्यांनी त्याला कायमचा उजवा करून ठेवला होता.

‘आधी पाणसळ, मग करवत.’ हे वाक्य मास्तरांनी मुलांच्या पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. ज्यांनी ते घोकलं त्यांतल्या काहींची मुलं आता कॉलेजात असतील. आणि स्वतःला खोली मिळाल्यावर खिडकी बघत बसले, जमीन बघितलीच नाही. त्यांना इतकी शरम वाटली की कुठेतरी जिन्याखाली जाऊन बसावंसं वाटलं.

“चूक माझी आहे,” त्यांनी मुलांना सगळं सांगून टाकलं. “तुमची नाही, शहाण्याचीही नाही. याने आठवड्यापूर्वी विचारलं होतं, तेव्हा मी ऐकायला हवं होतं.”

शंकाने पेन उचलून खिशाला लावलं.

“मग वेग परत कमी करू!” कप्तानने डोळे पुसले. शाळेचा लॅपटॉप बरोबर होताच. तो उघडला तर त्याने पासवर्ड विचारला. पासवर्ड संगणकाच्या सरांना माहीत, सरांचा फोन बंद. वर्षापूर्वी त्यांनी ज्या मेहुणीचं लग्न पुढे केलं होतं, तिचं लग्न नेमकं त्याच दिवशी होतं.

मग मास्तरांतला सुतार जागा झाला. “उजवं चाक थोडं जाड केलं तर? जाड चाक जास्त अंतर कापेल आणि त्याला डावीकडे ढकलेल.” वायरमनने उजव्या चाकांना चिकटपट्टीचे वेढे दिले. बाहेरच्या व्हरांड्यात चालवून पाहिला, तर शहाणा सरळ गेला! चौघांनी एकमेकांचे हात धरले.

दुसऱ्या फेरीआधी पंचांनी शहाण्याला मापाच्या पेटीत घालून पाहिलं. चिकटपट्टीमुळे तो एका बाजूने उंच झाला होता आणि झेंडा पेटीबाहेर येत होता. झेंडा काढावा लागला. बायकोला काय सांगायचं, ही एक चिंता वाढली. शिट्टी झाली. शहाणा चार फूट दिमाखात गेला, मग चिकटपट्टीचं टोक सुटलं आणि आसाभोवती गुंडाळलं. उजवी चाकं जाम झाली, डावी चालूच राहिली. उरलेला सगळा वेळ शहाणा जागच्या जागी गोल गोल फिरत राहिला. ठोकळा छातीशी धरून तो असा फिरत होता, की बघणाऱ्या एका आजींनी टाळ्या वाजवल्या.

“शून्य,” पंच म्हणाले. मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं, इतकी त्यांची अवस्था वाईट होती.

“सर,” शंका हळूच म्हणाला, “तो वाकडाच जाणार आहे ना? मग आपण ठेवतानाच वाकडा ठेवला तर?”

वायरमनने लगेच चिकटपट्टी सोलून काढली. मास्तरांनी दोरी आणि खडू घेऊन व्हरांड्यात शहाण्याचं वळण आखलं, कोन मोजला, तिरक्या रेघेवर पाच वेळा सोडून पाहिला. पाचही वेळा तो डावीकडे तोंड करून निघे आणि मोठी गोलाई घेत बरोबर चौकोनात येऊन थांबे. मास्तरांच्या मनात खोली परत आली, खिडकी आली, उन्हाचा पट्टाही आला.

तिसरी फेरी. शहाणा डावीकडे निघाला तेव्हा शेजारचे सर हसले. मग तो वळू लागला आणि ते हसायचे थांबले. सहा फूट, आठ फूट. आता चौकोन समोरच होता. चार बोटांवर आल्यावर शहाण्याच्या डोक्यावरचा हिरवा दिवा विझला आणि तो उभा राहिला.

“बॅटरी!” कप्तान किंचाळली. “दुसरी चार्जिंगला लावली होती ना? ती का नाही घातलीस?”

“तीच घातलीये,” वायरमन पांढरा पडला. “लावली होती. पण भिंतीवरचं बटण... बटण दाबायचं राहिलं.”

कुणीच त्याला रागावलं नाही. रागवायला अंगात काही उरलंच नव्हतं. फळ्यावर त्यांचं नाव चोविसावं होतं आणि त्यापुढे उणे दहा. मास्तरांनी शहाण्याला टॉवेलात गुंडाळलं. तोंडावरूनही टॉवेल घेतला, मग कसंतरी वाटलं म्हणून परत बाजूला केला.

सोमवारी सकाळी मास्तर हत्यारांची पेटी उचलायला गेले, तर शिपाईमामांनी खुर्च्या आत नेऊन टेबलाभोवती मांडल्यासुद्धा होत्या. दहा वाजता संस्थेची बैठक होती.

“बाई, एक सांगायचं होतं,” मास्तर म्हणाले. “त्या खोलीची जमीन—”

“मास्तर,” मोठ्या बाई म्हणाल्या, “उणे दहा आणलेत. आता नाचता येईना, अंगण वाकडं, असं करू नका. बैठकीत निकाल सांगायला तेवढे या.”

मास्तर दारापाशी कागद घेऊन उभे राहिले. बैठक सुरू झाली. अध्यक्ष शाळेच्या शिस्तीबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता टेबलापासून लांब चालले होते. त्यांनी पाय रोवून खुर्ची पुढे ओढली. मग खजिनदार निघाले. मोठ्या बाईंनी एका हाताने टेबलाची कड धरली आणि दुसऱ्या हाताने कागद उलटत राहिल्या. प्रत्येकाला वाटत होतं की फक्त आपलीच खुर्ची सरकतेय, म्हणून कुणीच काही बोलत नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी “एकजुटीने पुढे गेलं पाहिजे” असं म्हणत दोन्ही हात वर केले आणि त्याच वेळी त्यांची खुर्ची गर्रकन फिरली आणि ते मोरीच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून थांबले. पाठोपाठ खजिनदार येऊन त्यांना टेकले.

“बाई,” भिंतीकडून आवाज आला, “या खोलीत माणसं बसवू नका.”

अर्ध्या तासाने खुर्च्या परत बोळात आल्या. तिन्ही मुलं दाराशी जमली होती. मोठ्या बाई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहून जमिनीकडे बघत होत्या.

“अंगण खरंच वाकडं निघालं, मास्तर,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला. “पण हे सरळ करता येईल ना? सुतारकामातलं तुम्हाला कळतं. खाली पट्ट्या ठोकून वर फळ्या बसवल्या तर? एकदा सपाट झाली की बैठका इथेच घेऊ. तोवर वापरा तुम्ही. किती दिवसांचं काम आहे?”

मास्तरांनी पाणसळ काढली, गुडघ्यावर बसले, बुडबुडा पाहिला. कोपऱ्यात जाऊन पाहिला, खिडकीपाशी जाऊन पाहिला. तिथे ऊन आलं होतं.

“नाजूक काम आहे, बाई,” ते उठत म्हणाले. “दोन वर्षं तरी लागतील.”

“सर,” शंकाने तोंड उघडलं, “बरोबर दोनच वर्षं का—”

“तू,” मास्तर म्हणाले, “स्क्रू घट्ट कर.”