पुढची गाडी माहेरची, मागची सासरची

आमच्या मोटारीचे चारही टायर एकाच आठवड्यात सेवेतून निवृत्त झाले, हे सर्व संबंधितांच्या माहितीसाठी सुरुवातीलाच नमूद करते. संबंधित म्हणजे मी, माझे यजमान खुशालराव आणि पातूरला राहणारी माझी आई गंगूबाई.

मोटारीबद्दल थोडं सांगायला हवं. अमरावतीत आमचं फुलांचं दुकान आणि गावाबाहेर शेवंतीचा मळा. अशा माणसांनी घ्यावी अशी ती मोटार नव्हती. एका जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. दोनच माणसं बसणारी, छप्पर नसलेली, जमिनीला पोट लावून पळणारी, भेंडीच्या रंगाची ती मोटार कुणी विचारीना. लोक म्हणाले, जिच्यात चार पोरं आणि सासू मावत नाही ती मोटार कसली. यजमान लिलावाला गेले होते ते साहेबाच्या कुंड्या घ्यायला. कुंड्या महाग निघाल्या.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत टायर गेले, आणि त्याच आठवड्यात माझ्या भावाचं, मोतीरामचं, कार्ड आलं. 'मायच्या दोन्ही डोयांत मोतीबिंदू आहे. माघी पुनवेनंतर ऑपरेशन. माय म्हनते, डॉक्टरचा हात कसा असन कोन जाने. त्याच्या पहिले माही लेक त्या हिरव्या मोटारीत बसून येताना मले एकदा दिसली पायजे.'

कार्ड वाचून यजमान उठले आणि थेट टायरच्या दुकानात गेले. दुकानदार ओमप्रकाश शेठ मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "ट्रकचा देतो, स्कूटरचा देतो, ट्रॅक्टरचा तर आजच देतो. या मापाचा टायर इकडे पैदाच होत नाही. मुंबईहून मागवावा लागन. तीन महिने. आणि एकेक टायर म्हंजे एकेक म्हैस समजा."

आमच्याकडे म्हैस एकच होती.

मग सल्ले आले. कुणी म्हणालं जुन्या टायरवर नवं रबर चढवा. पण चढवायला खाली काहीतरी उरलेलं असावं लागतं. कुणी म्हणालं आत कडबा ठासून भरा. यजमानांनी तोही भरला. मोटार कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं शेजाऱ्याच्या गोऱ्ह्यानं मागचं चाक हुंगलं आणि तो चाकाला बिलगून उभा राहिला, तो संध्याकाळपर्यंत.

अशा वेळी आम्हाला रस्तेसंरक्षण व चाकसुधार कार्यालयाची पाटी दिसली.

या कार्यालयाची योजना अशी होती. बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे धावा, डांबरी रस्ता कापतात. म्हणून प्रत्येक बैलगाडीला सवलतीच्या दरात रबरी टायरची एक जोडी द्यायची, म्हणजे रस्ता वाचतो. कार्यालयानं सगळ्यात स्वस्त माल म्हणून तीनशे टायर एकदम आणले होते. ते वऱ्हाडातल्या एकाही बैलगाडीला बसत नव्हते. दोन वर्षं गोदामात पडून होते आणि मार्चच्या आत वाटून उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं. माप पाहिलं तर थेट आमच्या मोटारीचं.

टेबलामागं धर्मपाल तायडे नावाचा तरुण कारकून होता. घराण्यातला पहिला सरकारी नोकर, त्यामुळे त्यानं नियम खरोखर वाचलेले होते. बाकीच्यांनी तो नाद कधीच सोडला होता.

"काकाजी, टायर आहेत," तो म्हणाला, "पण मोटारीले नाहीत. बैलगाडीले आहेत."

"मग माह्या मोटारीले बैलगाडी म्हना."

"मी म्हनून काय होते? व्याख्या पाहा लागते." त्यानं पुस्तक उघडलं. "बैलगाडी म्हणजे माणसे अथवा माल वाहून नेणारे, छप्पर असलेले अथवा नसलेले, चाकांवर चालणारे वाहन. यात बैलाचं नावच नाही."

यजमानांचा चेहरा शेवंतीसारखा फुलला.

"फक्त एक अडचण. एका गाडीले दोनच टायर."

"मले चार पायजे."

"मग दोन गाड्या आहेत म्हना. पुढची एक, मागची एक. पण एका कुटुंबाले एकच गाडी. आणि एका जिल्ह्यात एका नात्यालेही एकच."

मी पदर सारखा करत म्हटलं, "पुढची गाडी माह्या मायच्या नावावर करा. ती अकोला जिल्ह्यात राहते."

धर्मपालनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. यजमानांनी तसं पाहिलं नाही. घरी येताना म्हणाले, "पुढची काहून? पुढं इंजन आहे."

"मायनं मागितलं काय इंजन? वाट्याले आलं."

"आणि मले काय आलं?"

"पेट्रोलची टाकी आली ना. आणि मी."

 त्यानंतर आठ दिवस यजमान मोटारीची पाठच पुसत होते.

अकोल्याच्या कार्यालयाचा अर्ज पातूरला गेला. आईनं न पाहता अंगठा उठवला. तिला दिसत नव्हतं म्हणून. ज्यांना दिसतं त्यांनीही खाली सह्या तशाच केल्या. अकोल्याचे दोन टायर आले, 'जोडणीसाठी आठ दिवस अमरावती जिल्ह्यात राहण्यास परवानगी' या चिठ्ठीसह. अमरावतीचे दोन मिळण्याआधी मात्र तपासणी होती.

तपासणीला चाकनिरीक्षक भगवंतराव आले, ते आठव्या दिवशी सकाळी. त्यांनी मोटार पाहिली, मग कागद पाहिला, आणि कागदाला मान देऊन म्हणाले, "दोन्ही गाड्या छान आहेत. बैल कुठे?"

यजमान घाईत बोलून गेले, "साहेब, इंजनात चाळीस घोड्यांचं बळ आहे."

"घोडे असतील तर टांगा. टांग्याले योजना नाही."

"बैल चरायला गेलेत," मी म्हणाले.

"असं सांगा ना बाई." त्यांनी 'चार बैल, तूर्त गैरहजर' असं लिहिलं. "आहार?"

यजमानांनी जुन्या टायरमधला कडबा काढून दाखवला. साहेबांचं पूर्ण समाधान झालं. "पण जू नाही. प्रत्येक गाडीले कायमचं बसवलेलं जू लागते."

पुढच्या गाडीचं जू बंपरला बांधलं. मागच्या गाडीची सुरुवात नियमानुसार सीटपासून होत होती, म्हणून तिचं जू दोन्ही सीटांच्या समोर आडवं बसवावं लागलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर आम्हा दोघांच्या मानेसमोर अधिकृत जू आलं. तोवर आमचं विनापरवाना चालू होतं.

जू पाहून साहेबांनी मागचे दोन टायर दिले आणि साडेदहाला मोटार निघाली. बडनेरा मागं पडलं तशी ती अशी सुटली की माझा अंबाडा सुटला, पदर मागं झेंड्यासारखा उडू लागला, आणि बंपरच्या जुवाला कुणीतरी हौसेनं बांधलेल्या घुंगरांचा आवाज आमच्या बराच मागून ऐकू येऊ लागला. मोटार लिलावातून आणल्यापासून यजमान पहिल्यांदा गाणं म्हणत होते. मी जुवाला घट्ट धरून बसले होते. पन्नाशीला आलेल्या बाईनं इतकं खिदळू नये, पण वारा तोंडात शिरला तर करणार काय.

बडनेऱ्याच्या पुढं आणि मूर्तिजापूरच्या अलीकडं जिल्ह्याची हद्द लागते. तिथं बांबू आडवा होता. बांबूपाशी नाकेदार नत्थुजी होते. त्यांनी दोन्ही गाड्यांचे कागद वाचले. ओठ हलवत वाचले, म्हणजे खरोखर वाचले.

"पुढच्या गाडीले जाऊ द्या," ते म्हणाले. "ती तिच्या गावाले चालली. मागच्या गाडीले थांबवा."

"म्हंजे?"

"मागचे टायर अमरावतीच्या सवलतीचे. ते जिल्ह्याबाहेर जात नाहीत. नियम दहा."

यजमान गिअरवर हात ठेवून म्हणाले, "मग वापस जातो."

नत्थुजींनी घड्याळ काढलं. "पुढच्या गाडीची आठ दिवसांची परवानगी आज बारापर्यंत होती. सव्वाबारा झाले. ती आता अमरावती जिल्ह्यात दिसली तर जप्त. पंधरा मिनिटं मी पायलं नाही, पण जास्त वेळ डोळे मिटून राहता येत नाही बापा."

"पुढं जायचं नाही, मागं जायचं नाही. मंग करू काय?"

"तेच सांगून राहिलो ना. थोडी पुढं घ्या. आनखी वीतभर. हां, बस." त्यांनी चुन्याची फक्की आणून मोटारीच्या पोटाखालून रेघ मारली. पुढची चाकं अकोल्यात, मागची अमरावतीत. ते चार पावलं मागं सरकले आणि डोळे भरून पाहू लागले. "आता पुऱ्या वऱ्हाडात तुमच्याइतकं कायद्यात कोनी नाही."

तीन दिवस आम्ही नाक्यावर काढले. नत्थुजींनी भाकरी दिली, घोंगडी दिली, अर्जाला कागद दिला आणि मोतीरामला लिहायला एक कार्डही दिलं. तिसऱ्या दिवशी बसनं धर्मपाल दोन उत्तरं घेऊन आला. अकोला म्हणत होतं, पुढची गाडी नियमात आहे, मागच्या गाडीची माहिती नाही. अमरावती म्हणत होतं, मागची नियमात आहे, पुढची आमच्या दप्तरी नाही.

"चुकीची असती तर सुटली असती, काकाजी," तो कळवळून म्हणाला. "दंड भरून नेता आली असती. जे नियमात आहे ते हलवायचा नियमच नाही."

मला आता एकच दिसत होतं. पुनव परवा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूरच्या बाजूनं लोखंडी धावांची एक बैलगाडी रस्ता कापत आली. मोतीरामनं आईला अकोल्याहून रेल्वेनं मूर्तिजापुरात आणून तिथून भाड्याची गाडी केली होती. तिला बांबूपाशी कुणी अडवलं नाही. तिला टायर नव्हते.

आई उतरली. हातानं चाचपत मोटारीच्या नाकापर्यंत आली, घुंगरू वाजवून पाहिले, मग अगदी जवळ तोंड नेऊन पाहत राहिली.

"भेंडीसारकी आहे," ती म्हणाली.

"माय, मले तुह्या दारात यायचं होतं वो. इथंच अटकली."

"ही पुढची कोनाची?"

"तुही. कागदावर."

"आनं तुहे पाय कुठं हायेत?"

मी खाली पाहिलं. पाय पुढच्या बाजूला, रेघेच्या पलीकडे होते. सीट अलीकडे.

"मंग पोचली ना तू," आई म्हणाली. "पाय माहेरी हायेत. बूड सासरी हाये, ते तसंच असते बाईचं." आणि तिनं माझ्या पायांवर, मोटारीत वाकून, तांब्यातलं पाणी घातलं. यजमानांनी आपलेही पाय हळूच पुढं केले. जावयाचे म्हणून तिनं तेही धुतले, पण पाणी जरा कमी घातलं.

ऑपरेशन चांगलं झालं. जाड भिंगांतून आईनं मला पाहिलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "मले वाटे तू सुकून वायली असशीन. नाही वायली."

मोटार अजून तिथंच आहे. दर रविवारी आम्ही अमरावतीहून बसनं जाऊन आमच्या गाडीत बसतो, आई मूर्तिजापूरकडून येऊन तिच्या गाडीच्या नाकावर टेकते, आणि नत्थुजी चहा करतात. चार वर्षं झाली, टायर नवेकोरे आहेत. कार्यालयाच्या अहवालात आमच्या दोन्ही गाड्यांचा आदर्श म्हणून उल्लेख असतो. योजना रस्ता वाचवण्यासाठी होती, आणि आमच्याइतका रस्ता कुणीच वाचवलेला नाही.

तुम्हीही मागच्या रविवारी तिथून गेलात. मोटारीनं अर्धा रस्ता अडवलेला असल्यानं तुमची बस हळू झाली. तुम्ही खिडकीतून वाकून नत्थुजींना सगळी हकीकत विचारलीत आणि शेजाऱ्याला म्हणालात, सरकारला फसवणारे असे लोक आहेत म्हणून देश मागं आहे. तेवढ्यात कंडक्टर आला. त्यानं तिकिटासाठी तुमच्या मांडीवरच्या मुलीचं वय विचारलं. तुम्ही सांगितलंत, सव्वादोन वर्षं.

 पुढच्या वेळी फक्त तिला गुडघे दुमडून बसवा आणि हातातलं सहावीचं भूगोलाचं पुस्तक काढून घ्या. ती शेजाऱ्याला अमरावती जिल्ह्याची हद्द कुठं संपते ते दाखवत होती.