दिगंबररावांची बेल

दिगंबररावांच्या दारावरची बेल दाबली की आधी काहीच होत नाही. मग आत काहीतरी फरफटतं आणि बाईचा आवाज येतो, "आली, आली! चपला बाहेरच काढा बरं!" दार मात्र दिगंबरराव उघडतात.

शेजारी राहायला आलो तेव्हा मी सहज विचारलं, "वहिनी कामात आहेत का?"

"नाई, वारली नं थे," ते म्हणाले. "या, चहा घ्या."

अमरावतीची भर उन्हाळ्यातली दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि माझ्या अंगावर काटा. बसतो न बसतो तोच स्वयंपाकघरातून तोच आवाज, "दूध पाहा, उतू जाऊन राह्यलं!" दिगंबरराव उठले आणि मुकाट्यानं गॅस बंद करून आले.

खुलासा साधाच होता. दिगंबरराव तेव्हा अकोल्याला वीज कार्यालयात नोकरीला, वहिनी इथे शाळेत शिक्षिका. संध्याकाळी त्या फोनवर लांबलचक आवाजी निरोप पाठवत. निरोप चालू असतानाच दारावरच्या माणसाशी आणि उतू जाणाऱ्या दुधाशीही बोलत. तेवढे तुकडे दिगंबररावांनी कापून घेतले, जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर केला आणि तो बेलला, शेगडीला, कूलरला जोडून टाकला.

बाकी माणूस संथ. "घाई कायची हाय?" हे त्यांचं सगळ्याला उत्तर. बडनेऱ्याला गाडी डोळ्यांदेखत सुटली तेव्हाही माझ्या खांद्यावर हात ठेवून हेच म्हणाले. म्हणून एका सकाळी ते धापा टाकत आले तेव्हा मी चरकलो.

"भाऊ, सर्व्हर अडखळून राहिला. कधी बोलते, कधी बोलतच नाई. दुकानवाला म्हणते मेमरी वाढवा, भाचा म्हणते एसएसडी टाका. पैसा त एकाचाच हाय. हा आवाज गेला त दुसरा कुठून आणू?"

मी आकडे पाहिल्याशिवाय मत देत नाही. यंत्रासमोर बसून नोंदी पाहिल्या. मेमरी निम्मी रिकामीच पडून होती. रिकाम्या घराला आणखी एक खोली बांधून काय उपयोग? थकली होती ती सर्व्हरची जुनी, फिरती डिस्क. काम नसलं की झोपायची, हाक आली की घरघरत, फरफटत उठायची. कुठल्याही दिवशी कायमची झोपली असती.

"एसएसडी," मी निकाल दिला. "हिच्यात फिरणारं काही नसतं. वेगही येईल, वहिनींचा आवाजही वाचेल."

बसवली. मी बेल दाबली. बोट उचलायच्या आत, अगदी कानाशी, "आली, आली!"

मी खूश. दिगंबरराव मात्र भिंतीला टेकले होते, चेहरा पांढराफटक.

"काढा थे."

"अहो, इतकं छान चाललंय! का काढता?"

"तिचे गुडघे गेले होते, भाऊ. हाक मारली की पयले चपला फरफटायच्या, मंग आवाज. आता पाय वाजतच नाई अन् बाई एकदम कानाशी! मले भेव लागून राहिलं."

मीही नकळत मागे वळून पाहिलं.

शेवटी सगळे निरोप नव्या एसएसडीवर उतरवून ती कपाटात ठेवली, आणि बेलला पुन्हा जुनीच डिस्क लावली. माझ्या हिशेबात ही विकत घेतलेली वस्तू वाया घालवणं झालं. तसं मी बोलूनही दाखवलं.

परवा त्यांच्याकडे गेलो. बेल दाबली. काही नाही. बराच वेळ काहीच नाही. आत कूलरही बंद होता. संपलं, मला वाटलं. पुन्हा बेलकडे बोट नेलं, तर खिडकीतून दिगंबररावांनी हात वर केला.

"थांबा नं, भाऊ," ते हळूच म्हणाले. "घाई कायची हाय? उठून राहिली थे."

आत काहीतरी फरफटलं. आवाज यायच्या आत मी चपला काढून ठेवल्या.