चिचटोल्याच्या दानीवर दोन गोल

बुधवारी दुपारी चार वाजता चिचटोल्याच्या दानीवर, जिथे एरवी बैलजोड्या पळतात तिथे, फुटबॉलचे दोन संघ एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले. दोन्ही संघांपुढे एकेक चेंडू होता. दोघांचे गोल समोरच्या टोकाला, शेजारी शेजारी रोवलेले. मधून, मैदानाच्या लांबीभर, फक्कीची सरळ पांढरी रेघ. वारलूजी गहाणे यांनी लाल झेंडी वर धरली.

साल १९८४, महिना जानेवारी. बातमी खरी आहे, कारण मी तिथे हजर होतो. दुर्दैवाने सामन्याचा आयोजकही मीच होतो!

नागभीडहून नागपूरच्या एका दैनिकाला मी रोज बातम्या पाठवतो. कोण, काय, केव्हा, कुठे आणि कसं, हे विचारल्याशिवाय मी कुणाच्या बारशाची बातमीही देत नाही. आजवर माझ्या बातमीचा खुलासा छापावा लागलेला नाही. अशा माणसाला एक सामना भरवणं म्हणजे पानाला चुना लावणं. निदान मंगळवारपर्यंत माझं असं मत होतं.

सामना भरवण्याचं कारण होते लटारूभाऊ खोब्रागडे.

लटारूभाऊ मूळचे चिचटोल्याचेच. शिकायला नागपूरला मामाकडे गेले, तिथे चेंडूला पाय लागला, आणि मग चेंडू गेला तिकडे हे गेले. कलकत्त्याला गुडघा दुखावला तेव्हा खेळणं संपलं आणि शिकवणं सुरू झालं. पुढे रंगून, बँकॉक, क्वालालंपूर, हाँगकाँग, आणि शेवटी मस्कत. मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, म्हणून त्यांचा पासपोर्ट स्वतः चाळला. पोळ्याचा बैल गेरूच्या ठशांनी भरावा तसा तो शिक्क्यांनी भरला होता. त्याआधी चिचटोल्यातून सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे पचमढीच्या यात्रेत हरवलेले सोमाजी. तेही परत आले ते पोलिसांबरोबर.

दिवाळीला लटारूभाऊ घरी आले, तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गाव जमू लागलं. मीही सायकल मारत जायचो. रंगूनला मैदान पावसात बुडालं, तर यांनी खेळाडूंना पोटरीभर पाण्यात पास द्यायला लावलं. पाणी ओसरल्यावर ती टीम कोरड्या जमिनीवर उडू लागली. मस्कतला दिवसा चेंडू तव्यासारखा तापायचा, म्हणून सावल्या लांब झाल्यावर सराव. हाँगकाँगला भाषेचा एक शब्द येत नव्हता, तर जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून यांनी अख्खा बचाव शिकवला. हे सगळं ते इतक्या हळू आवाजात सांगत, जणू शेजारच्या गावाला वऱ्हाड नेऊन आणलं.

मी विचारलं, दर वेळी नवा देश, नवी माणसं, जमतं कसं?

ते म्हणाले, “मैदान आपलं ऐकत नाई, भाऊ. आपल्यालेच मैदानाचं आयकाव लागते.”

मी भारावून गेलो. ओट्यावरचे सगळेच भारावले होते. शंका होती ती एकाच व्यक्तीला, लटारूभाऊंची आई ठमाबाई यांना. सूप पाखडता पाखडता त्यांनी एकदा सरळ विचारलं.

“तू खेळत नाई?”

“नाई, बाई.”

“मंग करते काय?”

“बाजूले उभा राहून सांगतो.”

“म्हंजे खेळतेत दुसरे, आन् बोंबलते तू. येवढ्यासाठी समुद्रापार जाव लागते?”

ओटा हसला. लटारूभाऊही हसले. पण त्यांच्या हसण्याला तेवढा दम नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या वेळी ठमाबाईंनी मला अंगणात गाठलं. मस्कतचं काम संपलं होतं. ब्रुनेई नावाच्या कुठल्या देशातून बोलावणं आलं होतं आणि महिनाअखेर होकार कळवायचा होता. “पेपरवाले भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमची ओळख हाये जिकडं तिकडं. याले इथी ठेवता येत असन तं पाहा. साऱ्या दुनियेनं त्याले पाह्यलं. मीच तेवढी राह्यली.”

मी शब्द दिला. गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या टीमला कोच हवा होता, हे मला बातमीच्या ओघात कळलेलं होतं. तिथले क्रीडा सचिव करंदीकर साहेब. त्यांची अट साधी होती. या गृहस्थांना मैदानावर काम करताना एकदा प्रत्यक्ष पाहायचं, पसंत पडले तर नोकरी आणि क्वार्टर. चिचटोल्याच्या पोरांना लटारूभाऊ तळ्याच्या कोरड्या पात्रात शिकवत होतेच. नागभीडची एक टीम खेळायला तयार झाली. प्रश्न होता मैदानाचा.

तोही मी चुटकीसरशी सोडवला. चिचटोल्याचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पंचक्रोशीत नावाजलेला. धानाची कापणी झाली की बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सपाट करून बैलजोड्या पळवायची लांबलचक पट्टी काढतात, तिला आमच्याकडे दान म्हणतात. दोन जोड्या शेजारी शेजारी, आपापल्या दानीतून. पट मंगळवारी संपणार होता. बुधवारी दान मोकळी, माणसं आयती जमलेली, आणि व्यवस्थेला पटाचे प्रमुख वारलूजी, ज्यांच्या पटात कधी वाद झाला नाही. मी त्यांना लांबी सांगितली, रुंदी सांगितली, गोलाची उंची सांगितली. गोल दोन लागतील हे तर दोनदा सांगितलं. वारलूजींनी मान डोलावली आणि म्हणाले, “तुम्ही निसते साहेबाले घेऊन या.”

साहेबांना जीपमधून घेऊन मी बुधवारी पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. साहेबांनी गॉगल वर केला, खाली केला आणि मला विचारलं, “दोन्ही गोल एकाच बाजूला का आहेत?”

मी वारलूजींकडे धावलो.

“मंग कुठी पाह्यजे होते?” वारलूजी म्हणाले.

“एक इकडे, एक तिकडे.”

“म्हंजे हे पोट्टे इकडून पळतीन आन् ते तिकडून?”

“हो.”

“मंग मधात काय होईन?”

“मधातच तर खेळ होतो, वारलूजी.”

वारलूजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवख्या धुरकऱ्याकडे पाहतात. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. “मधात शिंगं भिडतेत, भाऊ. सारी जिंदगी पट करून राह्यलो, एका जनावराचं खूर मोडू देल्लं नाई. पोट्टे तं मानसाचे हायेत.”

त्यांच्या बाजूने पाहिलं तर सगळं चोख होतं. गोलाच्या सागवानी बल्ल्या दगड ठासून पुरल्या होत्या, उपटायच्या तर दुसरा दिवस उजाडला असता. पाहायला आलेला सगळा जनसमुदाय शेवटच्या टोकाला बसला होता, कारण पटात शेवटच बघायचा असतो. एका चेंडूवर दोघांनी झगडू नये म्हणून वारलूजींनी नागभीडवाल्यांचा सरावाचा चेंडूही मांडून ठेवला होता. फेऱ्या तीन, आधी गोल करेल त्याची फेरी, रेघ ओलांडेल किंवा दान सोडेल तो बाद, हे भोंग्यावरून जाहीर झालं होतं. आणि साहेबांना अंधाराच्या आत गडचांदूरकडे परत निघायचं होतं.

नागभीडची टीम हसत सुटली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ठमाबाई बायकांच्या पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. मी, पाच प्रश्न विचारणारा माणूस, त्यातला ‘कुठे’ हा विचारायला विसरलो होतो.

तेवढ्यात लटारूभाऊ आले. त्यांनी रेघ पाहिली, गोल पाहिले, दोन चेंडू पाहिले. मला वाटलं, आता हे मला समुद्रापारच्या कुठल्या भाषेत काहीतरी म्हणणार. ते दानीच्या कडेने टोकापर्यंत चालत गेले, पायाने माती दाबून पाहिली, परत आले आणि वारलूजींना एवढंच विचारलं, “झेंडी कोन दाखवन?”

“मीच.”

“बरं हाये.”

मग त्यांनी आपल्या पोरांना बसवलं, काडीने मातीत काहीतरी काढलं आणि थोडक्यात बोलले. पोरं उठली ती दानीत जागोजागी पांगली. काही सुरुवातीला, काही मधे, झिंगू नावाचा पोरगा पार गोलाच्या तोंडाशी. वारलूजींनी डोकं खाजवलं. जोडी अशी वाटेवर पेरून ठेवलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण दान कुणी सोडली नव्हती, तेव्हा हरकत घेता येईना.

झेंडी पडली. नागभीडचे अकराही जण चेंडूमागे निघाले, गुळाच्या ढेपेमागे मुंगळे निघावेत तसे, एकमेकांच्या पायात पाय घालत. चिचटोल्याच्या पोरांतला एकही पळाला नाही. चेंडू पळाला. या पायाकडून त्या पायाकडे, पंगतीत पत्रावळ्या सरकाव्यात तसा सरसर गेला, आणि झिंगूने तो आत ढकलला तेव्हा नागभीडवाले अर्ध्या वाटेत एकमेकांना उठवत होते.

टोकाला बसलेल्या जमावातून असा ओरडा उठला की लिंबावरचे बगळे उडाले. साहेबांनी गॉगल खिशात टाकला.

नागभीडचा कप्तान खमका होता. दुसऱ्या फेरीला त्यानेही आपली माणसं पांगवली आणि फेरी निसटती का होईना, जिंकली. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या लटारूभाऊंनी. शेजारी उभा होतो, म्हणून ऐकू आलं. ते स्वतःशीच म्हणत होते, “शिकला. एका फेरीत शिकला तो.”

तिसरी फेरी शेवटची.

मंगळवारचा पट जिंकलेली वारलूजींची बादल्या-पाखऱ्या ही जोडी, मिरवणुकीसाठी हलक्या छकड्याला जुंपून, सुरुवातीच्या टोकामागे उभी होती. कासरा बाभळीला बांधलेला. या जोडीला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती. झेंडी पडली, माणसं ओरडली, की पळायचं. ती बिचारी दोन फेऱ्या कशीबशी गप्प राहिली होती!

झेंडी पडली. कासरा तुटला. रिकामा छकडा उडवत बादल्या-पाखऱ्या नागभीडच्या दानीत शिरले.

नागभीडच्या पोरांनी मागे पाहिलं आणि शहाण्या माणसांनी करायचं तेच केलं. अकराच्या अकरा जणांनी दानीबाहेर उड्या टाकल्या.

“दान सोडली!” वारलूजी भोंग्यावर म्हणाले. “नागभीड बाद.”

चिचटोल्याच्या पोरांच्या अगदी हाताच्या अंतरावरून शिंगं आणि चाकं जात होती. आता हीही पांगणार, कुणीतरी तुडवलं जाणार, आणि तेही माझ्या आयोजनात. मी डोळे मिटणार होतो, पण सवयीने उघडेच राहिले. म्हणून दिसलं. लटारूभाऊ रेघेवर येऊन उभे होते, हात मागे बांधून, धावत्या जोडीकडे पाठ करून. ते ओरडले नाहीत. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “आपला चेंडू पाहा.”

आणि पोरांनी चेंडू पाहिला. एकानेही मान वळवली नाही. शेजारून वादळ जात असताना चेंडू या पायाकडून त्या पायाकडे गेला, न थांबता, न चुकता. मी मोर्चे पाहिले आहेत, पूर पाहिला आहे, वाघाला बस अडवून बसलेला पाहिला आहे. एका माणसाच्या साध्या आवाजावर एवढी पोरं अशी विसंबलेली मी पाहिली नव्हती. झिंगूने गोल केला. त्याच क्षणी शेजारच्या गोलात नागभीडचा चेंडूही शिरला, पाखऱ्याच्या पायाने ढकललेला, आणि त्याच्यामागून पाखऱ्या, बादल्या आणि छकडा.

कुणालाही खरचटलं नाही. निकाल वारलूजींनी भोंग्यावरून सांगितला. चिचटोला दोन, नागभीड एक, आणि वारलूजी गहाणे यांची जोडी एक. कप्तानाने तक्रार केली तेव्हा वारलूजींनी शांतपणे सांगितलं की जोडीने दान सोडली नव्हती, तुम्ही सोडली.

साहेब माझ्याजवळ आले. ओरडून त्यांचा आवाज बसला होता. “असा कोच मी आयुष्यात पाहिला नाही,” ते म्हणाले. “पण वर काय कळवू? मला फुटबॉलचा सामना बघायला पाठवलं होतं.” ते जीपमध्ये बसले, कळवतो म्हणाले आणि गेले.

ठमाबाई मुलाजवळ आल्या. त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पहिल्यांदा पाहावं तसं.

“आता समजलं,” त्या म्हणाल्या. “तू धुरकरी हायेस. पह्यलेच काऊन नाई सांगतलं?”

लटारूभाऊ हसले, या वेळी पुरत्या दमाने.

“मी याले खुट्याले बांधाले निंघाली होती,” ठमाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “बैल बांधतेत, भाऊ. धुरकऱ्याले कोनी बांधते का?”

लटारूभाऊंनी महिनाअखेरपर्यंत वाट पाहिली. गडचांदूरहून काही आलं नाही. मग नागभीडहून छोट्या लाइनच्या गाडीने ते नागपूरकडे निघाले आणि तिथून पुढे ब्रुनेईला.

माझी बातमी मी त्याच संध्याकाळी पाठवली होती, पाचही प्रश्नांच्या उत्तरांसह. नागपूरच्या टेबलावरच्या उपसंपादकाने ती वाचली आणि आपल्या समजुतीप्रमाणे कापून पटाच्या निकालांत बसवली. छापून आलं ते असं: ‘चिचटोला पट : लटारू खोब्रागडे यांची जोडी प्रथम.’ माझ्या आयुष्यातला पहिला खुलासा मी लिहिला. तो त्यांनी छापला नाही. ठमाबाईंनी मात्र ते कात्रण आरशाच्या चौकटीत खोचलं आहे आणि त्यात काही चूक आहे हे त्या मान्य करत नाहीत.

ताजी स्थिती अशी आहे. साहेबांचं ‘विचार चालू आहे’ एवढं उत्तर नुकतंच आलं. जूनमध्ये ब्रुनेईहून ठमाबाईंना एक फोटो आला. हिरवंगार मैदान, मधून लांबीभर पांढरी रेघ, दोन्ही गोल एकाच टोकाला, आणि सगळे खेळाडू एकाच दिशेला तोंड करून उभे. फोटोच्या कोपऱ्यात, सुरुवातीच्या टोकामागे, दोन दणकट रेडे जुंपलेले दिसतात.

ते कशासाठी, हे मी लगेच लिहून विचारलं आहे. कोण, काय, केव्हा, कसं, आणि या वेळी कुठे हेसुद्धा. उत्तर अजून आलेलं नाही.