लिलावाच्या दिवशी परब सर

परब सर क्रिकेटची मॅच टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. ऐन रंगात आलेली ओव्हर सुरू झाली की नेमके चहा गाळायला उठतात आणि जाहिराती लागल्या की लगबगीने परत येतात. "खेळ बाजूला ठेवा हो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बाउंड्रीवरचे बोर्ड बघा. आधी सिमेंटवाले होते, आता पानमसाला. देशाचं काय चाललंय ते तिथे कळतं."

मुलुंडला आम्ही एकाच सोसायटीत राहतो आणि एकाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. व्यावसायिक खेळांचं अर्थकारण हा सरांचा विषय. सगळं आयुष्य त्यात गेलं, पण हा विषय आहे हेच कुणाला पटलं नाही. आमच्या विभागप्रमुखांना वाटतं, हा माणूस पगार घेऊन मॅच बघतो. सोसायटीतल्या मेहताभाईंना वाटतं, सर फुकट पास मिळवून देतील. वॉचमन रोज विचारतो, "सर, आज कोण जिंकणार?" पूर्वी सर उभं राहून समजावायचे. आता "दुसरी टीम" म्हणतात आणि लिफ्टचं बटण दाबतात. एका परिषदेत तर त्यांचा निबंध शारीरिक शिक्षणाच्या सत्रात, योगासनांच्या मागोमाग लावला होता. सत्कारात शाल आणि शिट्टी मिळाली.

"थकलो रे," एवढंच म्हणाले ते घरी आल्यावर.

गेल्या वर्षीची गोष्ट. कबड्डीच्या खेळाडूंचा लिलाव सकाळपासून सुरू होता. दुपारी एका न्यूज चॅनलच्या बाई कॅमेरा घेऊन सरांकडे आल्या. वहिनी गेल्यापासून हॉलमध्येच कपडे वाळत असतात, तो स्टँड हलवायला मी गेलो होतो.

"सर, सगळ्यात महाग कोण जाणार, एवढंच सांगा. तीस सेकंदात."

सर बोलायला लागणार तोच त्यांचा फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले. आतून आवाज येत होता.

"हो, बघितलं मी. नाव पुकारलं, कुणी बोली लावली नाही... गुडघो कसो आसा? जेवलंस काय? मग आधी जेव. मी थांबतंय फोनवर."

दहा मिनिटं झाली. त्या बाईंना स्टुडिओतून फोनवर फोन. शेवटी कंटाळून त्या गेल्या. मी आत डोकावलो. ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवलेला, पलीकडून ताटवाटीचा आवाज येत होता.

"कोण हो?" मी हळूच विचारलं.

"मालवणकडचा खेळाडू आहे. माझ्या अभ्यासासाठी मुलाखत दिली होती त्याने."

"पण तो अभ्यास तर कधीच छापून आला ना?"

"अभ्यास संपला रे. ही पोरं फोन करायची थांबली नाहीत. लिलावाच्या दिवशी दोघंतिघं तरी करतात."

"मग काय सांगता त्यांना?"

"काय सांगणार? एकट्याला घास उतरत नाही अशा दिवशी. ते मला माहीत आहे."

फोनमधून आवाज आला, "सर, आसात मां?"

"आसंय, आसंय." सरांनी फ्रिजमधला सकाळचा आमटीभात काढला, गरमही न करता ताटलीत घेतला आणि स्टूल ओढून फोनसमोर बसले.

"मी पण वाढून घेतलंय रे," ते म्हणाले. "सावकाश जेव."